टोस्ट आणि तहान

ब्रह्मपुरी म्हणजे धानाचा मुलूख. तरी इथल्या सकाळच्या चहाला टोस्ट लागतोच. बोलताना त्याचा ‘टोस’ होतो. लांबट पाव भाजून थंड करायचा, त्याचे काप पत्र्यावर आडवे मांडायचे आणि आच उतरलेल्या भट्टीत पुन्हा सरकवायचे. आतला ओलावा पार जाऊन काप वाजायला लागला की टोस्ट झाला. कोरडा ठणठणीत, म्हणूनच कपातला निम्मा चहा तोच पितो.

या तहानेचा पुरावा शब्दातच आहे. टोस्टमागे लॅटिन ‘तोर्रेरे’, म्हणजे सुकवणं, होरपळवणं. त्याचं आणि संस्कृत ‘तृष्’चं मूळ एकच. तृष्णा, प्राकृतातली तण्हा आणि आपली तहान त्याच कुळातल्या. आपण परका समजतो तो टोस्ट तहानेचा चुलतभाऊ निघतो!

बिस्किटाचंही तसंच. लॅटिन ‘बिस’ म्हणजे दोनदा, तोच आपला ‘द्विस्’; पुढचा ‘कॉक्टुस’ म्हणजे शिजवलेला, तो ‘पक्व’च्या घरचा. बिस्किट म्हणजे द्विपक्व. आजचं बिस्किट मात्र एकदाच भाजतात. त्या नावाला खरा जागतो तो टोस्ट.

पाव पायांनी तुडवतात म्हणून पाव, असं अजूनही ऐकू येतं. ते साफ चूक आहे. तो पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या भाषेत ‘पांव’ म्हणजेच भाकरी. पावशेरातला पाव वेगळा, तो संस्कृत ‘पाद’, चौथा हिस्सा.

मोठ्या शहरांतल्या बेकऱ्यांत आता बेगल दिसतो. पोलंडमधल्या क्राकोव्हच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख आहे. कणकेचं कडं आधी उकळत्या पाण्यात सोडतात, मग भाजतात. म्हणजे हाही द्विपक्वच. नाव यिडिश, जर्मन भाषांतल्या ‘वाकवणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेलं. त्याचं नातं अभ्यासक संस्कृत ‘भुज्’शी लावतात, ज्यातून वाकडा चालणारा भुजंग आला.

आणि हे सगळं जिथे भाजतं ती भट्टी? ती संस्कृत ‘भ्राष्ट्र’, धान्य भाजायचं भांडं. भाजणेही त्याच धातूकडून आलं. या धानपट्ट्यात लाह्या-मुरमुरे फोडणारा भडभुंजा होता, त्याच्या नावातला ‘भड’ही तोच. पाव येण्याच्या कितीतरी आधी भट्टी इथे पेटलेली होती.