स्वतःला हरवलेली बाई

‘साठी बुद्धी नाठी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण मोठी ठसकेबाज आहे. पण तिच्या पोटात एक जुना समज दडलेला आहे. वय झाले की बुद्धीने माणसाला सोडून जायचेच. पिकले पान गळायचेच. त्यासाठी वैद्याला बोलावण्याचे कारण काय? हा समज काही आपल्याच पदरचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातले पुष्कळसे डॉक्टरही म्हातारपणीच्या बुद्धिभ्रंशाकडे याच नजरेने पाहत. या समजाला पुढे जो तडा गेला, त्याच्या मुळाशी एका रेल्वे कारकुनाची बायको आहे, आणि तिचे तुटक बोलणे मन लावून लिहून ठेवणारा एक डॉक्टर आहे.

आलोइस अल्झायमर हा त्या डॉक्टरचा नाव-पत्ता. जन्म १८६४ सालचा, जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या मार्क्टब्राइट गावचा. वैद्यकीची पदवी घेऊन १८८८ च्या अखेरीस तो फ्रांकफुर्ट शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात रुजू झाला. तेथे लवकरच त्याला फ्रान्त्स निस्ल हा जिवाभावाचा सहकारी लाभला. मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसाव्यात, अशी युक्ती निस्लने शोधून काढली होती. रोग्याजवळ बसून त्याचे बोलणे ऐकायचे, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मेंदूही न्याहाळायचा, ही दोन्ही कामे अल्झायमर सारख्याच आवडीने करी. त्याचे सारे मोठेपण या जोडकामात आहे.

१९०१ साल त्याला वाईट गेले. फेब्रुवारीत पत्नी सेसिली वारली. पदरी तीन लहान मुले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई इस्पितळात दाखल झाली. आधी तिच्या डोक्यात नवऱ्याविषयी संशय शिरला होता. मग ती वस्तू लपवून ठेवू लागली, स्वयंपाकात चुका करू लागली, आपल्याला कोणी मारायला टपले आहे असे म्हणून ओरडू लागली. दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्या खाटेपाशी बसला. त्याने लिहून ठेवलेली प्रश्नोत्तरे अशी आहेत :

“तुमचे नाव?”

“ऑगस्टे.”

“आडनाव?”

“ऑगस्टे.”

“नवऱ्याचे नाव?”

“मला वाटते... ऑगस्टे.”

दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात होती. काय खाता, म्हणून विचारले, तर म्हणाली, “पालक.” तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले. ‘श्रीमती’ एवढे लिहून हात थांबला. पुढचा प्रत्येक शब्द तिला पुन्हा सांगावा लागला. आणि याच कागदांत तिचे एक वाक्य नोंदलेले आहे : “मी स्वतःला हरवून बसले आहे.” रोगाचे याहून नेमके वर्णन कोणत्या ग्रंथात सापडेल?

अल्झायमरला खटकले ते बाईचे वय. पन्नाशीच्या बाईला म्हातारी कसे म्हणावे? आणि म्हातारपण नव्हे, तर मग हे काय? १९०३ मध्ये तो फ्रांकफुर्ट सोडून हायडेलबर्गला आणि तेथून म्युनिकला, विख्यात मनोरोगतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याच्या हाताखाली गेला. पण ऑगस्टेला तो विसरला नाही. म्युनिकच्या प्रयोगशाळेत त्याच्याभोवती देशोदेशीचे विद्यार्थी जमत. विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकात डोकावताना तो हातातली सिगार बाजूला ठेवी आणि समजावून सांगण्याच्या भरात ती तेथेच विसरून पुढे जाई. दिवस संपता संपता प्रत्येक टेबलावर एकेक थोटूक उरे, असे सांगतात.

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे वारली. अल्झायमरच्या विनंतीवरून तिचा मेंदू आणि कागदपत्रे म्युनिकला आली. मेंदू आक्रसलेला होता. चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या त्याच्या पातळ चकत्यांत दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या आतले सूक्ष्म तंतू जाड होऊन त्यांचा सुताच्या गुंत्यासारखा गुंता झाला होता. मेंदूच्या बाह्य थरातील सुमारे पाव ते एक तृतीयांश पेशींची ही गत होती. शिवाय साऱ्या थरभर कसल्याशा द्रव्याचे बारीक साके पसरले होते. बाईच्या बोलण्यातला गोंधळ आणि मेंदूतला हा गुंता यांची गाठ पडली.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे मनोरोगतज्ज्ञांच्या संमेलनात त्याने हे सारे मांडले. भाषण संपले, कोणी एक प्रश्नही विचारला नाही. पुढच्या वर्षी निबंध छापून आला तोही त्रोटक. त्याच सुमारास प्रागमध्ये ऑस्कर फिशर हा संशोधक म्हाताऱ्या रोग्यांच्या मेंदूंत तसलेच साके मोजीत होता. फिशर ज्यू होता. १९४२ मध्ये नाझींच्या कैदेत त्याचा अंत झाला आणि त्याचे काम बराच काळ विस्मृतीत गेले.

१९१० साली क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या व्याधीला अल्झायमरचे नाव दिले. नाव अमर झाले खरे, पण त्यातून एक घोटाळाही झाला. हा रोग म्हणजे ऐन प्रौढ वयातला एक दुर्मीळ प्रकार, असे मानले गेले. सत्तरीचे आजोबा विसरू लागले तर ते वयाच्या खाती! हा हिशेब पन्नासाहून अधिक वर्षे तसाच चालला. १९६८ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी दाखवून दिले की, म्हाताऱ्यांच्या मेंदूत साके जितके अधिक, तितका जिवंतपणी बुद्धिभ्रंशही अधिक. १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन याने ठासून मांडले की, पन्नाशीतला आणि ऐंशीतला हा रोग एकच. म्हणजे ऑगस्टे ही काही विरळा बाई नव्हती. घरोघरच्या आज्या-आजोबांची ती प्रतिनिधी होती.

हे पाहायला अल्झायमर उरला नव्हता. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापकपद घ्यायला निघाला असता वाटेतच तो आजारी पडला. प्रकृती पुन्हा पुरती सुधारली नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी तो गेला. वय ५१, ऑगस्टे इस्पितळात आली तेव्हा तिचेही तेवढेच होते. विस्मरणाचा रोग शोधणाऱ्याची ती फाइलही जगाच्या विस्मरणात गेली. डिसेंबर १९९५ मध्ये कोनराड माउरर आणि त्याच्या सहकाऱ्यांना ती फ्रांकफुर्टमध्येच सापडली : निळा पुठ्ठा, आत ३२ कागद, आणि त्यांत ऑगस्टेचे थरथरते अक्षर.

ते साके आणि गुंते कोणत्या प्रथिनांचे आहेत, हे १९८० नंतरच्या दशकात कळले. साके कमी करून रोगाची चाल थोडी मंदावणाऱ्या एका औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. पण रोग मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांतील सुमारे सात माणसांना बुद्धिभ्रंश आहे. म्हणजे शंभरांतल्या त्र्याण्णवांनी आपली म्हण खोटी पाडली आहे, आणि उरलेल्या सातांची बुद्धी साठीने नेलेली नाही, रोगाने नेली आहे.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे तो गीतेतून. तेथे क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतिभ्रंश, असा क्रम सांगितला आहे. या रोगात मात्र क्रोध आणि संशय ही कारणे नव्हेत, लक्षणे होत. चिडणाऱ्या, संशय घेणाऱ्या, दागिना लपवून ‘चोरीला गेला’ म्हणणाऱ्या म्हातारीचा त्यात काडीचाही दोष नसतो. औषध पुढेमागे निघेल तेव्हा निघो. यंदा दिवाळीत सारी मंडळी फराळाला बसली असता आजीने तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला, तर पहिल्या वेळेइतक्याच सौम्यपणे उत्तर देणे आपल्या हाती आहे. आणि मग एके दिवशी तिला डॉक्टरकडे नेणे, हेही.