वेताळ (चित्रकथानायक)

ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या ‘फँटम’ या मुखवटाधारी नायकाचे मराठी नाव. मूळ चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. सुरुवातीची चित्रे रे मूर यांची. मराठीत तो रुजला तो टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे (१९६४–९०). मराठी वाचकाला बुरख्याआडची माणसे नवी नव्हती. झुंझार, काळापहाड घरोघरी पोचले होते आणि त्यांचे लेखक बाबुराव अर्नाळकर हेच मुळात चंद्रकांत सखाराम चव्हाण यांचे टोपणनाव होते.

कथेनुसार, १५३६ साली चाच्यांच्या तावडीतून वाचलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली. तेव्हापासून मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो. आपल्याला भेटतो तो एकविसावा. लोक मात्र समजतात की हा एकच माणूस आहे आणि त्याला मरण नाही.

फॉक यांचा पहिला बेत वेगळा होता. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, रिकामटेकडा तरुणच फँटम निघायचा होता. पहिलीच कथा चालू असताना त्यांनी तो बेत मोडला, हे बरेच झाले. नाहीतर दिवसा बावळट नि रात्री बहाद्दर, ही पुढे सुपरमॅनपासून (१९३८) ‘शक्तिमान’मधल्या गंगाधरपर्यंत (१९९७) चाललेली वाट त्यानेही धरली असती.

वेताळाचे सगळे उलटे. शहरात निघाला की घट्ट पोशाखावर चौकड्यांचा ओव्हरकोट, हॅट, काळा चष्मा चढवून तो ‘मिस्टर वॉकर’ होतो आणि गुत्त्यात जाऊन दूध मागतो. सोंग आहे ते हे. मुखवटा हाच चेहरा. मुखवट्याच्या भोकांतून बुबुळेही दिसत नाहीत. त्याच्या हाताखालच्या जंगल गस्तीदलाला आपला सेनापती कोण हे ठाऊक नसते, हुकूम तिजोरीत सापडतात. पांडवांचा अज्ञातवास वर्षभरात संपला. इथे ती सोय नाही.

हा लपवलेला चेहरा गोऱ्या माणसाचा आहे आणि तो आफ्रिकी जंगलावर वचक ठेवतो, ही गोष्ट मराठी नावामुळे आणि ‘इंद्रजाल’ने मूळ कथेतल्या ‘बंगाला’ या काल्पनिक देशाचे ‘डेंकाली’ केल्यामुळे वाचकाच्या फारशी लक्षात येत नसे. मुखवट्यामागचा चेहरा त्याच्या बायकोला, डायना पामरला, माहीत असतो. त्यांना जुळे झाले, किट आणि हेलॉइज. रिवाजाप्रमाणे बाविसावा व्हायचे ते किटने.