ई-मेल विषाणू आणि घरगुती संगणकाची सुरक्षा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणक विषाणूंचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ई-मेलद्वारे पसरलेल्या विषाणूंच्या बाबतीत मात्र तो माणसांमधील विश्वासाचाही इतिहास आहे. कार्यालयातील संगणकांच्या देखभालीसाठी सहसा स्वतंत्र कर्मचारी असतो. घरातील संगणकाला असा कोणी वाली नसतो. त्यामुळे संरक्षणाची जबाबदारी वापरकर्त्यावरच येऊन पडली आणि 'अनोळखी व्यक्तीचे पत्र उघडू नये' हा उपदेश त्याला वारंवार करण्यात आला. हा उपदेश कितपत पुरेसा होता आणि घरगुती संगणकाला खरे संरक्षण कशामुळे लाभले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पूर्वपीठिका :
डिसेंबर १९८७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील क्लाउस्टाल येथील एका विद्यार्थ्याने तयार केलेली आज्ञावली नाताळच्या शुभेच्छांच्या रूपाने पसरली. ती पडद्यावर नाताळचे झाड रेखाटत असे आणि त्याच वेळी वापरकर्त्याच्या पत्त्यांच्या यादीतील सर्वांना स्वतःची प्रत पाठवीत असे. आयबीएम कंपनीच्या अंतर्गत जाळ्यापर्यंत ती पोहोचली. प्रलोभन, वापरकर्त्याची स्वतःची कृती आणि परिचितांची यादी ही पुढील काळातील ई-मेल विषाणूंची तीनही लक्षणे येथे दिसून येतात. पुढे १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' हा मॅक्रो विषाणू आढळला. वर्डमधील साध्या मजकुराच्या फाइलमधूनही विषाणू येऊ शकतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

मेलिसा आणि 'आय लव्ह यू' :
२६ मार्च १९९९ रोजी पसरलेला मेलिसा विषाणू वर्डच्या फाइलमध्ये दडलेला होता. ती फाइल उघडताच आउटलुकमधील पत्त्यांच्या वहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर तो आपोआप रवाना होई. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून 'आय लव्ह यू' हा विषाणू जगभर पसरला. त्याने ५० ची मर्यादाही ठेवली नाही. वहीतील सर्वच पत्त्यांवर तो गेला आणि छायाचित्रांच्या फाइल नष्ट करीत सुटला. त्याच्या जोडपत्राच्या नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' आणि त्यापुढे 'व्हीबीएस' अशी दोन विस्तारनामे होती. विंडोज प्रणाली परिचित प्रकारच्या फाइलचे अखेरचे विस्तारनाम दाखवीत नसल्याने वापरकर्त्याला केवळ 'टीएक्सटी' दिसे आणि ते साधे पत्रच वाटे.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ही दोन्ही पत्रे मित्र, नातेवाईक आणि सहकारी यांच्याच नावाने आलेली होती. अनोळखी पत्र न उघडण्याचा नियम काटेकोरपणे पाळणारा मनुष्यही यात फसला असता.

उपदेशाची मर्यादा :
ऑक्टोबर २००१ पासून आढळलेल्या क्लेझ विषाणूने ही मर्यादा अधिक उघड केली. तो प्रेषकाचे नावच खोटे घाली. परिणामी ज्याच्या संगणकात विषाणू नाही अशा व्यक्तीवर दोष येई आणि खरा बाधित संगणक अज्ञातच राही. शिवाय इंटरनेट एक्सप्लोररमधील एका त्रुटीमुळे, जोडपत्र न उघडता पत्र नुसते पाहिले तरी तो कार्यान्वित होऊ शके. या त्रुटीवरील दुरुस्ती मार्च २००१ मध्येच उपलब्ध झाली होती. परंतु ती स्वतः मिळवून बसवणे हे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील काम नव्हते.

अँटिव्हायरस हा दुसरा उपाय होता. या क्षेत्रात पुण्यातील कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात उभारलेल्या उद्योगाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांचे क्विक हील हे उत्पादन भारतातील अनेक घरांत पोहोचले. तथापि त्या काळातील अँटिव्हायरस प्रामुख्याने ज्ञात विषाणूंच्या खुणांवर अवलंबून असे. नवी खूण उतरवून घेण्यासाठी दूरध्वनीचे बिल आणि इंटरनेटचे तास असा दुहेरी खर्च करावा लागे. 'आय लव्ह यू' काही तासांत जगभर गेला. खुणांची यादी त्याच्यामागून आली.

कायद्याची भूमिका :
मेलिसाचा कर्ता डेव्हिड स्मिथ याला २००२ मध्ये अमेरिकेत २० महिन्यांची शिक्षा झाली. फिलिपाइन्समध्ये मात्र अशा कृत्यासाठी कायदाच नसल्याने संशयितावरील आरोप ऑगस्ट २००० मध्ये मागे घ्यावे लागले. तेथील नवा कायदा जून २००० मध्ये झाला, पण तो पूर्वलक्षी नव्हता. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये संगणकात विषाणू सोडण्याबाबत नुकसानभरपाईची तरतूद करण्यात आली. कायद्याने दायित्व निश्चित केले, परंतु घरातील नष्ट झालेली छायाचित्रे परत आणणे त्याच्या हाती नव्हते.

निष्कर्ष :
खरा फरक पडला तो रचनेतील बदलांमुळे. २००० च्या जूनमध्ये आउटलुकसाठी आलेल्या सुधारणेने धोकादायक प्रकारची जोडपत्रे रोखून धरली. ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचाने फायरवॉल मुळातच सुरू ठेवली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय अमलात येण्यास मात्र २०२२ साल उजाडले; मेलिसानंतर तब्बल २३ वर्षे. विंडोजमध्ये फाइलचे विस्तारनाम आजही मुळात झाकलेलेच असते.

वापरकर्त्याची सावधगिरी निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. महत्त्वाच्या फाइलची स्वतंत्र प्रत ठेवणे, सुधारणा वेळेवर बसवणे आणि अनपेक्षित जोडपत्राविषयी पाठवणाऱ्याला विचारून घेणे या सवयी आजही उपयुक्त आहेत. परंतु सदोष कुलूप बसवून घरमालकालाच निष्काळजी ठरवणे न्याय्य नाही. संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमात 'काय करू नये' याबरोबरच 'हे यंत्र असे का घडवले गेले' हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवला जाणे अगत्याचे आहे.