पेल्याच्या नावाचं पेय

2022च्या कतार वर्ल्ड कपला जाताना अर्जेंटिनाच्या संघाने शेकडो किलो सुका पाला सोबत नेला होता. मेस्सीच्या कितीतरी फोटोंत त्याच्या हातात मुठीएवढा भोपळा आणि त्यात खोचलेली धातूची नळी दिसते ना, तो या पाल्याचा चहा. नाव माते. (सर्च मराठीत केलात तर आरत्या येतील, आधीच सांगतो.)

गंमत म्हणजे हे नाव पेयाचं नाहीच, पेल्याचं आहे. केचुआ भाषेत ‘माती’ म्हणजे भोपळ्याचं भांडं. स्पॅनिश लोकांनी ते पेयाला चिकटवलं. पाला मूळचा ग्वारानी लोकांचा, आजच्या पराग्वेच्या आसपासच्या जंगलांतला. आणि भोपळा? तो आपला दुधी! जात अगदी तीच. मूळ आफ्रिकेतलं हे फळ हजारो वर्षांपूर्वी अमेरिकेत पोचलं. 2014मधल्या एका जनुकीय अभ्यासानुसार, बहुधा समुद्रात तरंगत. पंढरपूरकडचे मोठे भोपळे मिरजेत जाऊन तंबोरे होतात, तिकडचे छोटे पेले होतात.

माझा पेला मला टीममधल्या एका अर्जेंटिनी सहकाऱ्याने दिला. दिला आणि लगेच बजावलं की यात आज काही प्यायचं नाही. कोरा भोपळा आधी तयार करावा लागतो. त्याला स्पॅनिशमध्ये ‘कुरार’ म्हणतात. आजार बरा करण्यालाही हाच शब्द. आतून धुवायचा, पिऊन झालेला ओला पाला काठोकाठ भरायचा, थोडं गरम पाणी घालून दिवसभर ठेवायचा. मग चमच्याने आतला सैल झालेला गर हळूच खरवडायचा. देठाकडचा भाग उकरायचा नाही, तिथून पेला गळतो. हे दोन-तीनदा करायचं आणि पूर्ण वाळवायचं. पुढे रोजची निगा: साबण वर्ज्य, पाणी उकळतं नको, पाला रात्रभर आत राहू द्यायचा नाही आणि पेला आडवा ठेवून वाळवायचा. आपल्या पावसाळ्यात दोन दिवस दुर्लक्ष झालं, तर बुरशी ठरलेली. आजीच्या बिडाच्या तव्याचे नियम ज्यांनी पाळलेत त्यांना हे जड जाणार नाही.

पेल्याचे एवढे लाड. पाल्याचा इतिहास मात्र वेगळा आहे.

येर्बाचं बी सहज रुजत नाही. जेझुइट पाद्र्यांनी ग्वारानी वसाहतींमध्ये ते रुजवून मळे लावले. 1767मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं आणि हळूहळू मळेही गेले, ती युक्तीही गेली. पुढे बोंप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पुन्हा लागवड सुरू केली, तर पराग्वेचा हुकूमशहा फ्रान्सिया याने 1821मध्ये त्याला पकडून नेलं आणि सुमारे नऊ वर्षं सोडलं नाही. मक्तेदारी धोक्यात येत होती ना!

लागवड नाही, म्हणजे पाला जंगलातून तोडून आणायचा. तोडणाऱ्या मजुरांना ‘मेन्सू’ म्हणत. मुकादम पोसादाससारख्या बंदरात त्यांना आगाऊ पैसे देई. ते तिथल्याच दुकानांत आणि दारूच्या गुत्त्यांत संपत, आणि मग माणसं बोटीत घालून नदीने वर जंगलात नेत. तिथे धान्य कंपनीच्याच दुकानातून, भाव कंपनीचा. कर्ज फिटत नसे, पळणाऱ्याच्या मागे बंदुकवाले जात.

मी हे वाचताना ‘आगाऊ रक्कम’ या शब्दांपाशी थांबलो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: उचल. बीड, अहिल्यानगरकडचं कोणीही ऊसतोडीच्या बोलीतून तो सांगेल.

1908मध्ये राफाएल बारेत नावाच्या स्पॅनिश लेखकाने आसुन्सिओनच्या एका वर्तमानपत्रात या पाल्याच्या जंगलांवर लेखमाला लिहिली. त्यात त्याने या पद्धतीला सरळ गुलामगिरी म्हटलं. शहरात रोज माते पिणाऱ्यांनी ती वाचली. त्याच वर्षी बारेतला पराग्वेतून हद्दपार करण्यात आलं. 1910मध्ये, 34व्या वर्षी, क्षयाने तो गेला.