ओमानची बॅग

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याचं. रस्त्याच्या सर्व्हेच्या कामावर तो ओमानला निघालाय. परवा जालन्याला आला, बॅग दाखवली, तर आत सगळे टी-शर्ट आणि हाफ पँट! "मामा, तिकडे भयंकर ऊन असतं ना."

म्हटलं, अरे, मे महिन्यात आपल्या भोकरदनकडेही पारा ४२ ला टेकतो. शेतात तुझे आजोबा काय घालायचे? पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, धोतर, डोक्याला रुमाल. कोरड्या उन्हात अंग झाकायचं असतं, फक्त आत हवा खेळली पाहिजे. बदाऊनी लोक तर वाळवंटात काळे झगे घालतात. १९८० साली 'नेचर'मध्ये त्यावर संशोधन आलं होतं. काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं, पण झगा सैल असल्यानं ती जादा उष्णता अंगापर्यंत पोचतच नाही.

उलटं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातलं. २३ सप्टेंबर १८०३ ला आसईच्या लढाईत वेलस्लीचे गोरे शिपाई उतरले ते लोकरीच्या घट्ट लाल कोटांत, तेही सकाळपासून वीसेक मैल चालून! लढाई ते जिंकले, पण इंग्रजी फौजेत खाकी सुती कपडा रुळायला पुढे अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

आणि नुसतं ऊन धरून चालू नकोस, म्हटलं. पहिल्या महायुद्धात पुण्याची ६ वी डिव्हिजन इराकात कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जानेवारीत पाऊस लागला, तैग्रिसला पूर आला, खंदकांत पाणी शिरलं, वर कडाक्याची थंडी. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं, कित्येकांच्या पायांत धड बूटही नव्हते. हजारो जण परतलेच नाहीत. आपली माणसं होती ती, पण आपल्याकडे त्यांची आठवण कोण काढतो?

भाचा बराच वेळ गप्प होता. मग निम्मे टी-शर्ट बाहेर काढले. सुती फुलशर्ट, स्वेटर आणि चांगले बूट आत गेले. शेवटी मी बाबांचा धुऊन ठेवलेला रुमाल दिला. ते गेल्यापासून कपाटातच होता.

"मामा, तिथे हसतील ना?"

"ओमानी माणूसही डोक्याला मस्सर गुंडाळतो. खुशाल बांध."

बुधवारी विमान आहे. पोचल्यावर फोटो पाठवतो म्हणालाय.