रेवसची लाँच

माझे वडील भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर खलाशी होते. दोर फेकायचा, म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवायचं. आषाढ लागला की आमच्या घरात एकच तारीख निघे: १७ जुलै १९४७. त्या गुरुवारी सकाळी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकली आणि होड्यांत माणसं ओढून घेतली. ही गोष्ट सांगताना वडिलांचा आवाज दर वेळी बसायचा.

आता, २०२० पासून, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. गेटवेच्या लहान बोटी मात्र पावसाळ्यात बंदच असतात. म्हणून पावसाळ्यात धक्क्यावर खलाशानं थांबवलं, तर वाद न घालता थांबा.