कार्यालय ते समारंभ : दोन्हीकडे शोभणारी हँडबॅग कशी निवडावी?

गोव्याहून गुजरातकडे जाणारी रेल्वेगाडी भरूच ओलांडून बडोद्याच्या दिशेने निघाली, की वाटेत मियागाम करजण हे जंक्शन लागते. बडोदे संस्थानचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा भारतातील पहिला नॅरोगेज लोहमार्ग सुरू झाला आणि आरंभी त्यावरील डबे बैल ओढत असत. आज करजणहून सुमारे तीस किलोमीटरवरील बडोद्याला नोकरी व शिक्षणासाठी रोज ये-जा करणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. गायकवाडांच्या काळापासून बडोदे परिसरात स्थिरावलेली मराठी कुटुंबेही या धावपळीला अपवाद नाहीत.

अशा प्रवासात स्त्रीच्या खांद्यावरील बॅगेची रोज परीक्षा होते. सकाळी गाडीतील गर्दी, दिवसभर कार्यालय, सायंकाळी भाजी-किराणा आणि अधूनमधून थेट तिकडूनच गाठायचा साखरपुडा किंवा बारसे. मधल्या वेळेत घरी येऊन बॅग बदलणे शक्य नसते. पेडणे, सांगे किंवा काणकोणहून बसने पणजी गाठणाऱ्या नोकरदार स्त्रीची अडचणही हीच. साध्या कुर्ती-जीन्सवर विजोड दिसणार नाही आणि रेशमी साडीबरोबर ओशाळवाणी वाटणार नाही, अशी एकच बॅग निवडता येते. मात्र त्यासाठी दुकानातील आरशाआधी स्वतःच्या दिनक्रमाकडे पाहावे लागते.

खिसा नसलेल्या पोशाखाची गरज

हँडबॅग ही चैनीची वस्तू म्हणून जन्माला आलेली नाही. स्त्रियांच्या पोशाखाला खिसे नसणे हे तिचे मूळ कारण आहे. युरोपात अठराव्या शतकात स्त्रिया घेरदार झग्याच्या आत, कमरेला बांधलेल्या कापडी खिशांत आपल्या वस्तू ठेवत. शतकाच्या अखेरीस अंगाबरोबरीच्या, पातळ कापडाच्या झग्यांची पद्धत आली. आत खिसा ठेवायला जागा उरली नाही आणि हातात धरायची छोटी थैली रूढ झाली. आपल्याकडे लुगड्याला खिसा नव्हताच. पैसे पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले जात, पान-सुपारीसाठी चंची असे आणि किडूकमिडूक बटव्यात राही. पुढे हात मोकळे असण्याची गरज वाढली. फॅशनकार कोको शनेल यांनी फेब्रुवारी १९५५ मध्ये खांद्यावर अडकवायची साखळी असलेली बॅग आणली, त्यामागे हाच विचार होता.

हा इतिहास लक्षात घेतला, तर निवडीचे पहिले सूत्र आपोआप हाती येते. बॅग म्हणजे पोशाखाला जोडलेला खिसा. तो कामाला आला पाहिजे, मगच त्याच्या शोभेचा विचार.

आधी वस्तू, मग बॅग

रोज बरोबर न्याव्या लागणाऱ्या सर्व वस्तू एकदा टेबलावर मांडाव्यात आणि स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून पाहाव्यात. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. डबा पाचशे, छत्री तीनशे, मोबाइल दोनशे, पॉवरबँक दोनशे-अडीचशे, पैशांचे पाकीट आणि किल्ल्या मिळून तीनशे ग्रॅम धरल्या, तरी बेरीज दोन किलोंच्या वर जाते. त्यात रिकाम्या बॅगेचेच वजन किलोभर असेल, तर एका खांद्यावर रोज तीन किलोंहून अधिक भार पडतो. मान व पाठ अवघडण्याचे ते एक कारण ठरते.

यावर सोपा उपाय म्हणजे डबा आणि बाटलीसाठी घडी होणारी वेगळी कापडी पिशवी ठेवणे. ही पिशवी कार्यालयात ठेवता येते, घडी करून बॅगेत टाकता येते आणि परतीच्या वाटेवर भाजीसाठी वापरता येते. मुख्य बॅगेत सांडण्याची भीती असलेले काहीच राहत नाही आणि ती समारंभाला जाण्यायोग्य राहते. बॅग दोन्हीकडे शोभावी असे वाटत असेल, तर तिच्यातून डबा बाहेर काढणे ही पहिली पायरी होय. रिकाम्या बॅगेचे वजन पाऊण किलोच्या आत असावे.

आकार आणि घडण

फार मोठी बॅग साडीवर प्रवासी सामानासारखी दिसते, तर फार लहान बॅग कार्यालयात निरुपयोगी ठरते. मध्यम आकार सर्वांत सोयीचा. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर असतो. कागदपत्रे न दुमडता न्यायची असतील, तर बॅगेची आतील रुंदी किमान ३२ सेंटिमीटर हवी. तशी गरज नसेल, तर २६ ते २८ सेंटिमीटर रुंद, वीसेक सेंटिमीटर उंच आणि दहा-बारा सेंटिमीटर खोल बॅग दोन्ही प्रसंगांना पुरते. लॅपटॉप रोज न्यावा लागत असेल, तर त्यासाठी पाठीवरची वेगळी सॅकच बरी. एकाच हँडबॅगेवर ते ओझे टाकू नये.

घडणीच्या बाबतीतही मधला मार्ग योग्य. पेटीसारखी ताठ बॅग साध्या कपड्यांवर उपरी वाटते. पूर्ण सैल झोळी औपचारिक बैठकीत ढिसाळ दिसते. तळ घट्ट, कडा सरळ आणि बाजू किंचित मऊ अशी बॅग खाली ठेवली तरी उभी राहते. तळाला धातूची चार छोटी बोंडे असली, तर गाडीच्या किंवा कार्यालयाच्या ओल्या फरशीचा डाग लागत नाही.

रंग, धातू आणि नक्षी

काळा, गडद तपकिरी, बदामी तपकिरी, गडद निळा आणि मरून हे रंग बहुतेक पोशाखांना साथ देतात. कोणता घ्यावा, हे कपाट उघडून ठरवावे. आपल्या कपड्यांत पांढरे, राखी, निळे आणि काळे रंग अधिक असतील, तर काळी किंवा निळी बॅग. मातकट, पिवळे, हिरवे आणि लाल रंग अधिक असतील, तर तपकिरी किंवा मरून. लाल चौकड्यांच्या कुणबी साडीवर बदामी तपकिरी बॅग खुलून दिसते आणि तीच जीन्सवरही जाते. नेहमीच्या चपलांशी रंग तंतोतंत जुळण्याची गरज नाही, छटा एकाच कुळातली असली म्हणजे झाले.

मोठे बोधचिन्ह, लोंबते गोंडे, चकचकीत खडे असलेली बॅग एखाद्याच पोशाखाची होऊन बसते. त्यामुळे बाहेरची बाजू शक्यतो साधी असावी. बकल व कड्यांचा धातू रोजच्या दागिन्यांच्या रंगाचा असावा. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत हलका मुलामा लवकर काळवंडतो. म्हणून गोव्यातील ग्राहकांनी पितळी जुनाट छटेचा किंवा मंद चमकेचा धातू पसंत करावा. त्यावर डाग उठून दिसत नाहीत.

साहित्य : हवामानाचा हिशेब

करजण-बडोद्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि धूळ असते. गोव्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि भिंतींनाही ओल. एकच बॅग या दोन ठिकाणी सारखी टिकत नाही.

खरे चामडे टिकाऊ असते आणि वापराने अधिक देखणे होते. पण कोरड्या उष्णतेत ते तडकते, तर दमट हवेत त्यावर बुरशी धरते. शिवाय ‘जेन्युइन लेदर’ एवढाच शिक्का म्हणजे उत्तम दर्जाची हमी नव्हे. चामड्याच्या वरच्या थरापासून बनलेला माल सर्वांत मजबूत असतो. खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा लेप दिलेला मालही चामड्याच्या नावाने विकला जातो. न शिवलेली, उघडी कड पाहता आली, तर तंतू दिसतात की कापडावर चिकटवलेला पापुद्रा, हे कळते.

चामडे न वापरणारी कुटुंबे गुजरातेत तसेच महाराष्ट्र-गोव्यातही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी बाजारात प्रामुख्याने पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या कापडाच्या बॅगा असतात. त्या हलक्या आणि देखण्या असतात, पण हवेतील आर्द्रतेने हा लेप रासायनिक दृष्ट्या विघटित होत जातो आणि एके दिवशी त्याचे पापुद्रे निघू लागतात. ही क्रिया बॅग कपाटात नुसती ठेवली तरी चालूच राहते. लग्नकार्यासाठी जपून ठेवलेली महागडी बॅग दोन पावसाळ्यांनंतर काढावी आणि तिचा भुगा हाताला लागावा, हा अनुभव म्हणूनच अनेकींना येतो. पीयूची बॅग घ्यायची असेल, तर ती रोज वापरायलाच घ्यावी. ठेवणीतली म्हणून घेऊ नये.

घट्ट विणीचा कॅनव्हास हा तिसरा आणि दमट प्रदेशासाठी उत्तम पर्याय. तो धुता येतो, पापुद्रे निघत नाहीत आणि हात व कडांना गडद पट्टी असली, तर तो कार्यालयातही शोभतो. ताग दिसायला छान, परंतु ओल धरतो, तेव्हा पावसाळ्यात तो टाळावा.

पट्टा आणि सुरक्षितता

दोन प्रसंगांना एकच बॅग चालवण्याची खरी किल्ली पट्ट्यात असते. हातात धरण्यासाठी दोन छोटे बंद आणि शिवाय काढता-घालता येणारा लांब पट्टा, अशी रचना पाहावी. गर्दीत पट्टा आडवा घालून बॅग पोटाशी घेता येते. समारंभात पट्टा काढून आत ठेवला, की तीच बॅग औपचारिक दिसते. छोटे बंद जाड हिवाळी कपड्यांवरूनही खांद्यावर चढावेत, इतके म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटर उंच असावेत. लांब पट्टा किमान अडीच-तीन सेंटिमीटर रुंद हवा, कारण अरुंद पट्टा खांद्यात रुततो. साखळीचा पट्टा रेशमी साडीचे धागे ओढतो, हेही ध्यानात ठेवावे.

तोंडाला केवळ चुंबकाची टिकली असलेली बॅग रेल्वे किंवा बसच्या प्रवासाला योग्य नाही. संपूर्ण चेन हवीच. मोबाइल, पास आणि आधारकार्डासाठी आत चेनचा कप्पा असावा आणि तो अंगाकडील बाजूस यावा. आतील अस्तर फिक्या रंगाचे असेल, तर किल्ली चटकन सापडते.

दुकानात तपासायच्या गोष्टी

चेन दहा वेळा उघडझाप करून पाहावी. कोपऱ्यावर ती अडखळत असेल, तर ती बॅग घेऊ नये. पट्टा जिथे जोडला आहे, तिथे दुहेरी शिलाई किंवा रिव्हेट आहे ना, हे बघावे. बॅगेचा बहुधा हाच भाग प्रथम तुटतो. टाके समान अंतराचे असावेत. आतील कागद काढून आपल्या नेहमीच्या वस्तू बॅगेत भराव्यात आणि ती खांद्यावर घेऊन चार पावले चालून पाहावे. विक्रेत्याला याचा राग येण्याचे कारण नाही. ऑनलाइन खरेदी करताना छायाचित्रावर विसंबू नये. दिलेल्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून आरशासमोर अंगाशी धरावा, आकाराचा नेमका अंदाज येतो.

किमतीचा हिशेब दिवसांवर मांडावा. आठशे रुपयांची बॅग कार्यालयाचे सव्वाशे दिवस टिकली, तर दिवसाला सहा रुपये चाळीस पैसे पडले. तीन हजारांची बॅग वर्षाला अडीचशे दिवस याप्रमाणे तीन वर्षे चालली, तर दिवसाला चार रुपये. पहिल्या पगारातून खरेदी करणाऱ्या मुलीला हा हिशेब ठाऊक असावा. उलट, दहा हजारांची बॅग वर्षातून चार वेळाच बाहेर निघत असेल, तर ती स्वस्त ठरण्याची शक्यता नाही.

समारंभासाठी छोटा बदल

साध्या बॅगेला प्रसंगानुरूप रूप देणे अवघड नाही. हाताच्या बंदाला अजरख छापाचा छोटा रुमाल गुंडाळावा किंवा बॅगेत कच्छी भरतकामाचा बटवा ठेवावा. हॉलमध्ये शिरताना बटवा हातात घेतला आणि बॅग खुर्चीशेजारी ठेवली, की काम भागते. शेकडो वर्षांची बटव्याची सोय आजही तितकीच उपयोगी आहे आणि त्यासाठी वेगळी महाग बॅग घ्यावी लागत नाही.

निगा

भिजलेली बॅग वर्तमानपत्र भरून सावलीत, पंख्याखाली वाळवावी. उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवल्यास चामडे आखडते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवल्यास बुरशीला निमंत्रण मिळते, म्हणून सुती कापडाची खोळ वापरावी. बुरशी आलीच, तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसावी. उष्ण प्रदेशात वर्षातून दोनदा चामड्याला कंडिशनर लावावे आणि उन्हात उभ्या मोटारीत बॅग ठेवू नये. आठवड्यातून एकदा बॅग पूर्ण रिकामी करावी. जुन्या पावत्या आणि सुटी नाणी निघून गेली, की खांद्यावरचे ओझे हलके होते आणि चेनवरचा ताणही कमी होतो.

मध्यम आकार, साधा रंग, काढता येणारा पट्टा, पूर्ण चेन आणि आपल्या हवेला मानवणारे साहित्य, या पाच गोष्टी जमल्या की नाममुद्रा कोणती, हा प्रश्न दुय्यम ठरतो. अशी बॅग कपाटात जपून ठेवू नये. ती रोज वापरावी आणि लग्नालाही न्यावी.